थ्रीडी सिनेमा दर वेळी गाजावाजा करत येतो आणि मग गायब का होतो?

चिंतूशेठ
मंडळी, जरा माहिती हवी होती. अवतारचा तिसरा भाग थ्रीडीत बघून आलो, तिकीट जास्त आणि वर चष्म्याचे पैसे वेगळे, पण ते जाऊ दे. घरी वडील म्हणाले यात एवढं काय, ९८ साली तुला छोटा चेतन दाखवला होता, आणि त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत लाल-निळे चष्मे लावून लोक थ्रीडी बघत होते, नंतर बंद पडलं, परत आलं, परत बंद. आता मला आठवतं तसं २०१०-११ ला तर प्रत्येक दुसरा सिनेमा थ्रीडी होता, टीव्हीसुद्धा थ्रीडी निघाले होते, आमच्या सोसायटीत दोघांनी घेतले आणि चष्मे पहिल्याच वर्षी पोरांनी मोडले. मग २०१७ ला एलजी आणि सोनीनी पण थ्रीडी टीव्ही काढणं बंद केलं. म्हणजे नक्की होतं काय? लोकांना कंटाळा येतो, डोकं दुखतं, का सिनेमेच भिकार असतात? आणि ते लाल-निळ्या चष्म्याचं खरंय का? जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

टिवल्याबावल्या
सिनेमे भिकार असतात. धागा बंद करा 😀

जुनी_ऐरण
टिवल्या, दम धर की जरा.

चिंतूशेठ, लाल-निळा चष्मा आणि पन्नासचं दशक ही जोडी सगळ्यांच्या डोक्यात फिट्ट बसलीय पण ती चुकीची आहे, निदान सिनेमाच्या बाबतीत. दोन रंगांची युक्ती फार जुनी, डावं चित्र एका रंगात उजवं दुसऱ्या रंगात, आणि काचेचा रंग नको ते चित्र खाऊन टाकतो. लॉस एंजेलिसला सप्टेंबर १९२२ मध्ये 'द पॉवर ऑफ लव्ह' नावाचा सिनेमा असा तिकीट लावून दाखवला होता, पूर्ण लांबीचा पहिला थ्रीडी सिनेमा म्हणून त्याचंच नाव घेतात, आणि आज त्याची प्रिंट कुठेच नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कला लॉरेन्स हॅमंडनी (हो, तोच, पुढे हॅमंड ऑर्गनवाला) टेलिव्ह्यू म्हणून प्रकार आणला होता, प्रत्येक खुर्चीला एक फिरती झडप, डावं चित्र पडद्यावर आलं की उजवा डोळा झाकायचा आणि उलट. आताचे बॅटरीवाले शटर चष्मे हेच करतात. एका थेटरात झालं आणि संपलं, कारण प्रत्येक खुर्चीला यंत्र कोण बसवणार!

मग एडविन लँडनी पोलरॉइडची पातळ शीट काढली, जी एका ठरावीक दिशेनी कंप पावणारा प्रकाशच आरपार सोडते, आणि खरा रस्ता सापडला. आता रंगाची भानगड नाही, दोन्ही काचा राखाडी, त्यामुळे रंगीत सिनेमा रंगीतच दिसतो. १९३९ च्या न्यूयॉर्क जत्रेत, म्हणजे वर्ल्ड्स फेअरमध्ये, क्रायस्लर गाड्यांच्या दालनात लोकांनी असला चष्मा लावून मोटार आपोआप जोडली जाताना बघितली. पण हॉलिवूडला त्याची गरज पडायला टीव्ही यावा लागला. लढाईनंतर चारपाच वर्षांत अमेरिकेतला प्रेक्षक घरात बसायला लागला, थेटरं ओस पडली, स्टुडिओवाले घाबरले.

आणि तेव्हा आला ब्वाना डेव्हिल, २६ नोव्हेंबर १९५२. हा कुठल्याही मोठ्या स्टुडिओचा नव्हता, आर्च ओबोलर म्हणून रेडिओवर नाव काढलेला माणूस, त्यानी स्वतःच्या हिमतीवर काढला. याची गोष्ट आपल्याला जवळची आहे ते फारसं कुणी सांगत नाही. केनियातल्या त्सावोला १८९८ मध्ये दोन सिंहांनी रेल्वेच्या मजुरांना खाल्लं होतं, त्यावर बेतलेला सिनेमा, आणि ते मजूर बहुतेक हिंदुस्थानातनं नेलेले. समीक्षकांनी धू धू धुतला, पण जाहिरात होती तुमच्या मांडीवर सिंह, मग काय, रांगा! ते बघून वॉर्नरवाल्यांनी घाईघाईनी हाउस ऑफ वॅक्स काढला, एप्रिल १९५३, आणि तो तुफान चालला. त्याचा दिग्दर्शक आंद्रे द टॉथ एका डोळ्यानी आंधळा, म्हणजे स्वतःचा थ्रीडी सिनेमा थ्रीडीत बघूच शकत नव्हता. त्याच वर्षी राउल वॉल्शनी पण एक थ्रीडी वेस्टर्न केला, तो सुद्धा एका डोळ्याचा. माझं तर मत आहे की म्हणूनच द टॉथनी पडद्यातनं वस्तू फेकण्यावर सगळा सिनेमा उभा केला नाही, दाराबाहेर चेंडू मारत गिऱ्हाइकं बोलावणारा तो एक भोंपूवाला सोडला तर.

आणि हे सगळे राखाडी चष्म्यांवर. लाल-निळे आले कॉमिक बुकांत, आणि सत्तरच्या दशकात जुने सिनेमे पुन्हा लावले तेव्हा, कारण ते स्वस्त पडायचं, साधा पडदा चालायचा. ज्यांनी तेव्हा बघितले त्यांना वाटलं थ्रीडी म्हणजे हेच. तिथनं बदनामी सुरू.

१९५२ च्या शेवटी सुरू झालेली लाट १९५४ मध्ये जवळजवळ ओसरली होती. हिचकॉकनी डायल एम फॉर मर्डर पूर्ण थ्रीडीत शूट केला, कॅमेरा जमिनीलगत आणायला सेटवर खड्डा खणला, आणि मे १९५४ ला येईपर्यंत बहुतेक थेटरांनी तो साधाच लावला. माझ्या मते त्या सगळ्या काळातला सगळ्यात शहाणा थ्रीडी सिनेमा तोच, कारण तो अंगावर काही फेकत नाही, फक्त आपल्याला त्या खोलीत बसवतो, आणि एकदाच, त्या कात्रीच्या वेळी, हात मागे कात्री शोधायला आपल्याकडे येतो. का ओसरली ते कोणीतरी प्रोजेक्टरवाल्यानी सांगावं, रीळवाले, आहात का?

रीळवाला
आहे आहे. आमच्या गावच्या टॉकीजला मी ऑपरेटरच्या हाताखाली होतो, ऐंशीच्या दशकात, त्यामुळे अमेरिकेतलं वाचलेलं आणि इकडचं हातानी केलेलं.

लोक म्हणतात चष्म्याचा वैताग आला. मला नाही पटत. चष्मा लावायला कोणाला काही वाटत नव्हतं, थेटरातल्या केबिनमध्ये काय चाललंय तिथे घोळ होता. पन्नासच्या सिनेमाला दोन रिळं, एक डाव्या डोळ्याचं एक उजव्या, आणि दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालवायचे, मध्ये रॉडनी किंवा मोटरनी बांधलेले. आता एरवी केबिनमध्ये दोन मशीन कशाला असतात, एकाचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायला. थ्रीडीला दोन्ही आधीच गुंतलेली, मग रीळ बदलायचं कसं? म्हणून मोठी रिळं काढली, तासाभराची, आणि तासानी सिनेमा थांबवायचा. अमेरिकेत त्या सिनेमांना इंटरव्हल असायचा तो त्यामुळे! आपल्यासारखा सामोशासाठी नाही.

आता फिल्म तुटली, जी रोजच तुटायची, तर जितक्या फ्रेम इकडच्या खराब झाल्या तितक्याच जागी कोरी फिल्म जोडून लांबी सारखी ठेवावी लागायची. ऑपरेटरनी घाईत नुसतं कापून चिकटवलं की डावा डोळा पुढे आणि उजवा मागे. प्रेक्षकाला कळत नाही काय झालं, त्याला फक्त मळमळतं. एक दिवा दुसऱ्यापेक्षा मंद असला तरी तेच. आणि पडदा चंदेरी लागतो, म्हणजे अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला, कारण पांढऱ्या पडद्यावर पोलरॉइडचा प्रकाश आपटला की त्याचं पोलरायझेशन, म्हणजे कंपाची ठरलेली दिशा, जातं आणि दोन्ही चित्रं दोन्ही डोळ्यांना दिसतात. बरं एवढं सगळं केलं आणि सप्टेंबर १९५३ ला सिनेमास्कोप आला, द रोब, रुंद पडदा, एकच प्रोजेक्टर, आणि जाहिरातच अशी की हा चमत्कार चष्म्याशिवाय बघा. थेटरमालक कुठे जाणार सांगा.

आपल्याकडे पहिला थ्रीडी माय डियर कुट्टिच्चाथन, मल्याळम, २४ ऑगस्ट १९८४, नवोदयवाल्यांचा, जिजो पुन्नूस दिग्दर्शक. तोवर दोन रिळांची कटकट गेली होती. एकाच फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात एक डोळा खालच्या अर्ध्यात दुसरा, आणि प्रोजेक्टरच्या पुढे एक खास भिंग, ते दोन्ही चित्रं पडद्यावर एकावर एक आणायचं. मस्त युक्ती. पण यात गोची अशी की फिल्म घालताना दोन भोकं जरी चुकली तरी वरचं खाली आणि खालचं वर, म्हणजे डाव्या डोळ्याला उजवं चित्र, आणि मग लांबचा डोंगर जवळ आणि जवळचा माणूस डोंगराच्या पलीकडे, असं काहीतरी विचित्र, बघणारा ओरडतो पण त्याला सांगता येत नाही काय चुकलंय. आमचे ऑपरेटर काका चष्मा लावून केबिनच्या खिडकीतनं पहिले दोन मिनिटं बघायचे, मगच चहा. बाकीच्या गावांत कोण बघतंय!

आणि उजेड. तेव्हा आमच्याकडे प्रोजेक्टरच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जाळायचे, मालक कांड्या वाचवायला करंट कमी ठेवायला सांगायचा. त्यात फिल्म अर्ध्या फ्रेमची, त्यात पोलरॉइडनी निम्म्याहून जास्त प्रकाश खाल्ला. रात्रीचा सीन असला की पब्लिक म्हणायचं लाइट आली का रे.

टिवल्याबावल्या
काका हे भारीय, मी शब्द मागे घेतो. पण डोळे यायचे म्हणे ते चष्मे लावून? आमची आत्या अजून सांगते.

रीळवाला
ती अफवा जोरात होती. कुट्टिच्चाथनच्या वेळेला केरळात उठली की चष्मे या शोचे त्या शोला फिरतात त्यानी डोळे येतात. मग त्यांनी सिनेमाच्या आधी एक तुकडा जोडला, मल्याळममध्ये प्रेम नझीर, तमिळमध्ये रजनीकांत, पडद्यावर येऊन सांगायचे की चष्मे प्रत्येक शोनंतर स्वच्छ करतो, घाबरू नका. आमच्याकडे काय, बादलीत डेटॉलचं पाणी आणि वाळवायला केबिनबाहेरची तार.

शमा_कोल्हापूर
त्या कुट्टिच्चाथनमधलं गाणं, पोरं भिंतीवरनं चालत छतावर जातात ते, त्याला अख्खी खोलीच गोल फिरेल असा सेट बांधला होता. कॉम्प्युटर नाही काही नाही. हिंदीत त्याचाच छोटा चेतन करताना उर्मिला मातोंडकरचे सीन नंतर घातलेत. चिंतूशेठच्या वडलांनी हाच दाखवला असणार.

पहिला हिंदी थ्रीडी जॅकी श्रॉफचा शिवा का इन्साफ, १९८५. रामसेंचा सामरी पण त्याच साली. आणि मराठीत झपाटलेला २, जून २०१३, महेश कोठारेंचा, तो मराठीतला पहिला. तात्या विंचू थ्रीडीत बघायला मी माझ्या भाच्याला नेलं, तो सगळा वेळ चष्मा काढून बसला कारण चष्मा लावला की बाहुला जवळ येतो! पैसे वसूल.

चिंतूशेठ
वा, सगळ्यांचे आभार, रीळवाले काका तुमच्यावर वेगळा धागा काढायला पाहिजे. पण मग आता तर डिजिटल आहे, रीळ तुटायचा प्रश्न नाही, उलटसुलट व्हायचा प्रश्न नाही. मग २००९ नंतर परत का घसरलं? आणि माझ्या बायकोला खरंच दोन तासांनी डोकं धरतं, ती म्हणते थ्रीडी वगैरे काही दिसत नाही नुसतं अंधुक. हे मनाचे खेळ आहेत का?

डोळसबाई
मनाचे खेळ अजिबात नाहीत, वहिनींना आधी डोळे तपासायला सांगा. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, ही तक्रार घेऊन येणारे बरेच असतात आणि त्यातल्या काहींना मोठेपणी पहिल्यांदा कळतं की आपले दोन डोळे एकत्र काम करत नाहीयेत. लहानपणचा तिरळेपणा, एक डोळा आळशी असणं, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक, यातलं काही असलं तर मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकायला शिकतो. रोजच्या जगात त्यांचं काही अडत नाही, कारण खोली कळायला सावल्या, लहानमोठेपणा, कोण कोणाला झाकतंय, असली बाकी बरीच साधनं आहेत. थ्रीडी सिनेमा जी जादाची खोली दाखवतो ती कळायला मात्र दोन डोळे मिळून बघणं हेच एक साधन, ते नसलं की मग नुसता काळोखा सिनेमा दिसतो.

ज्यांचे डोळे ठणठणीत आहेत त्यांनाही त्रास होतो त्याचं कारण वेगळं. जवळची वस्तू बघताना आपले डोळे दोन गोष्टी बरोबरीनी करतात, आत वळतात आणि डोळ्यातलं भिंग जवळ फोकस करतं. जन्मभर ही जोडी एकत्र चालते. थ्रीडीत सिंह तुमच्या नाकासमोर आला की डोळे आत वळतात, पण चित्र आहे वीस मीटर लांब पडद्यावर, फोकस तिथेच ठेवावा लागतो. म्हणजे एक इकडे ओढतंय एक तिकडे. थोडा वेळ चालतं, सतत केलं की दमणूक. म्हणून चांगले दिग्दर्शक खोली पडद्याच्या आत ठेवतात, बाहेर क्वचित काढतात. वरती जुनी_ऐरण हिचकॉकबद्दल म्हणाले तेच मी डोळ्यांच्या बाजूनी सांगतेय.

आणि उलटी गोष्ट पण ऐका. ब्रूस ब्रिजमन म्हणून कॅलिफोर्नियात मेंदू आणि दृष्टीचे प्रोफेसर होते, त्यांना स्वतःला जन्मभर खोली नीट दिसत नव्हती. २०१२ मध्ये बायकोबरोबर ह्यूगो थ्रीडीत बघायला गेले, उगाच पैसे गेले म्हणत चष्मा लावला, आणि पात्रं मागच्या पडद्यापासून सुटी होऊन पुढे आली. बाहेर आले तर रस्त्यावरचे दिव्याचे खांब पण सुटे दिसायला लागले होते, आणि ते टिकलं. वय सदुसष्टच्या आसपास. सगळ्यांना असं होईल असं मी म्हणणार नाही, तसं वचन कोणी देत असेल तर पैसे देऊ नका.

रोटो_कामगार
डिजिटलनंतर का घसरलं यावर मी बोलू शकतो कारण मी त्या खाणीत काम केलंय 😅 गोरेगावला. कंपनीचं नाव नको.

अवतार (डिसेंबर २००९) दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांनी शूट झाला, जेम्स कॅमेरॉन आणि व्हिन्स पेसनी वर्षानुवर्षं त्या कॅमेऱ्यावर घालवली होती. तो चालला आणि सगळ्यांना थ्रीडी हवं झालं, पण शूटिंग तर साध्या कॅमेऱ्यानी झालेलं. मग काय, नंतर रूपांतर करा. क्लॅश ऑफ द टायटन्स, २०१०, जेमतेम अडीच महिन्यांत थ्रीडी केलेला, आणि लोकांनी अवतारच्या आशेनी जाऊन बघितला पुठ्ठ्याची कापलेली माणसं. माझ्या मते थ्रीडीवरचा विश्वास उडाला तो इथे. अवतारनी दिलेली उधारी चार महिन्यांत संपवली.

रूपांतर म्हणजे बटण दाबायचं असं लोकांना वाटतं. एका सेकंदाला २४ फ्रेम, दोन तासांचा सिनेमा म्हणजे १ लाख ७२ हजार ८०० फ्रेम. प्रत्येक फ्रेममधल्या प्रत्येक वस्तूची कड वेगळी काढायची, ते रोटो. नायकाचं नाक, गाल, कान, कॉलर, मागचा खांब, सगळं वेगळं. मग डेप्थवाले ठरवणार नाक किती पुढे कान किती मागे. मग दुसऱ्या डोळ्यासाठी चित्र सरकवलं की माणसाच्या मागची जागा उघडी पडते जी कॅमेऱ्यानी बघितलेलीच नाही, ती पेंटवाले रंगवून भरणार. केस, धूर, काच, पाऊस आलं की टीममधे सुतक. नाईट शिफ्टला एका हिरॉइनच्या उडत्या बटा करता करता मी इंजिनिअरिंग का सोडलं याचा विचार केलाय.

नीट वेळ दिला तर रूपांतर उत्तम होतं हे पण सांगतो. टायटॅनिकचं २०१२ चं थ्रीडी ६० आठवडे आणि १ कोटी ८० लाख डॉलर घेऊन केलेलं, आणि दिसतं ते. ग्रॅव्हिटी (२०१३), ज्याला सात ऑस्कर मिळाली, त्यातलं थ्रीडी रूपांतर प्राइम फोकसनी केलेलं, म्हणजे मूळ आपल्या मुंबईची कंपनी. स्टार वॉर्सचा पहिला भाग २०१२ ला थ्रीडीत आला तोही त्यांनीच केला. शोलेचं थ्रीडी केतन मेहतांच्या माया डिजिटलनी केलं, जानेवारी २०१४ ला लागला, त्यावर रमेश सिप्पी कोर्टात गेले होते. मला स्वतःला शोलेला थ्रीडीची काही गरज वाटली नाही, पण ज्यांनी तो घोड्यांच्या पायातला धुरळा फ्रेमफ्रेमनी सोडवला त्यांना माझा दंडवत.

जुनी_ऐरण
रोटो, छान लिहिलंस. पण उधारी एकट्या टायटन्सनी संपवली नाही रे. मी जरा कुजकट थिअरी मांडतो.

मार्च २००५ मध्ये लास व्हेगासला थेटरमालकांचं अधिवेशन होतं, तिथे लुकास, कॅमेरॉन, झेमेकिस असे सगळे बडे दिग्दर्शक एका स्टेजवर आले आणि म्हणाले डिजिटल प्रोजेक्टर घ्या, थ्रीडी येतंय. स्टुडिओंना डिजिटल हवंच होतं, हजारो प्रिंटा काढायचा आणि जगभर पाठवायचा खर्च वाचतो. पण मालक कशाला घेतील, जुना प्रोजेक्टर तीस वर्षं चालतोय आणि नव्यानी तिकीट एक रुपयानी वाढत नाही. थ्रीडीनी तिकीट वाढतं! त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्नेचा चिकन लिटल डिजिटल थ्रीडीत आला, मग अवतारनी तर धडाका लावला, आणि जगातली थेटरं पटापट डिजिटल झाली. एकदा मशीन बसलं की थ्रीडीचं मुख्य काम झालेलं होतं. त्यानंतर ते चांगलं दाखवण्यात कोणालाच रस नव्हता, फक्त तिकिटावरचा ज्यादा आकार घेण्यात होता.

आणि पन्नासला जे केबिनमध्ये झालं तेच आता झालं. साध्या सिनेमाला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) उजेड हवा असा नियम, थ्रीडीत चष्म्यातनं डोळ्यापर्यंत साडेचार पोचला तरी चालतो असं धरतात. त्यात दिवा जुना झालेला, बदलायला महाग. रीळवाल्यांच्या मालकानी कार्बन वाचवला, आताचा मालक झेनॉनचा दिवा वाचवतो. मी एकाच आठवड्यात एकच सिनेमा दोन मल्टिप्लेक्समध्ये बघितलाय, एकात दिवस होता दुसऱ्यात अमावास्या. ज्यानी दुसरीकडे बघितला तो पुन्हा थ्रीडीचं तिकीट का काढेल?

रीळवाला
+१०० अमावास्येला. आणि चंदेरी पडदा एकदा लावला की साधे सिनेमे पण त्याच्यावरच दाखवतात, मध्ये भगभगीत आणि कडेला काळवंडलेलं. कडेच्या खुर्चीवरचा माणूस उगाच सिनेमाला शिव्या घालतो. थ्रीडी बघायचा तर मधल्या रांगेत मधली सीट, नाहीतर साधाच बघा.

शमा_कोल्हापूर
पण सगळंच मेलं असं नाही ना. तान्हाजी (२०२०) मी थ्रीडीत बघितला, रात्रीची लढाई असूनही ठीक होता. मोहनलालनी बरोज केला २०२४ ला, मुद्दाम थ्रीडी कॅमेऱ्यांवर शूट केलेला, आणि गोष्ट मूळ त्याच जिजो पुन्नूसची, गोव्यातल्या खजिन्याची. म्हणजे चाळीस वर्षांनी परत तोच माणूस.

चिंतूशेठ
हे माहीत नव्हतं. जुने पन्नासचे सिनेमे जसे होते तसे थ्रीडीत आता बघता येतात का कुठे?

जुनी_ऐरण
येतात. थ्रीडी फिल्म आर्काइव्ह म्हणून अमेरिकेत बॉब फुरमानेक आणि मंडळी आहेत, डावं-उजवं दोन्ही निगेटिव्ह शोधून, फ्रेम जुळवून, ब्लू-रे काढतात. आणि तेव्हा जे थेटरात कधीच नीट दिसलं नसेल ते आता दिसतं, कारण उंचीतला फरक, एक डोळा पुढे एक मागे, सगळं कॉम्प्युटरवर दुरुस्त केलेलं. बघायला थ्रीडी टीव्ही किंवा प्रोजेक्टर लागतो, किंवा आता ते डोक्याला लावायचे हेडसेट, त्यात प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र पडदा असल्यानी अंधाराची भानगडच नाही. एकट्यानी बघायचं हा मात्र तोटा, सिंह मांडीवर आल्यावर शेजारचा किंचाळायला हवा.

टिवल्याबावल्या
माझ्याकडे मल्टिप्लेक्समधनं (अनवधानाने) घरी आलेला एक चष्मा आहे. तो कसला आहे हे कळतं का?

डोळसबाई
अनवधानाने 🙂 आरशासमोर उभा राहा, चष्मा लाव, एक डोळा मीट. उघड्या डोळ्याची काच आरशात काळी दिसली आणि मिटलेला डोळा दिसला, तर गोल पोलरायझेशनचा आहे, म्हणजे त्यातल्या प्रकाशाच्या कंपाची दिशा गोल फिरत जाते, आता बहुतेक ठिकाणी तोच असतो. प्रकाश आरशावर आपटला की त्याची फिरण्याची दिशा उलटते, म्हणून स्वतःच्याच काचेतनं परत आत येऊ शकत नाही. उलट दिसलं, म्हणजे उघडा डोळा स्पष्ट आणि मिटलेला काळा, तर सरळ पोलरायझेशनचा असेल. त्यात सिनेमा बघताना मान तिरकी केली की दोन दोन चित्रं दिसायला लागतात, खांद्यावर डोकं ठेवून बघणाऱ्या जोडप्यांची फार गैरसोय.

टिवल्याबावल्या
केलं. उघडा डोळा स्पष्ट दिसतोय, मिटलेला काळा. म्हणजे सरळ?

डोळसबाई
थांब, आणखी एक करून बघ. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर काच धरून हळूहळू फिरव. फिरवताना एका ठिकाणी स्क्रीन काळी झाली तर सरळ. झालीच नाही, आणि काचेवर उजेडात हिरवट-जांभळी झाक दिसत असेल, तर तो डॉल्बीच्या पद्धतीचा आहे, त्यात पोलरायझेशन नसतंच, प्रत्येक डोळ्याला लाल-हिरव्या-निळ्याच्या थोड्या वेगळ्या छटा देतात. तो चष्मा बराच महाग असतो, त्यामुळे परत करून ये.

टिवल्याबावल्या
काळी नाही झाली.